जुनं तारेचं कुंपण काढायचंय? आधी रेघ, मग तार, मग खांब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी तालुक्यात वडिलोपार्जित घर आहे. घराला तीन बाजूंनी मिळून ३०० फूट जुनं कुंपण आहे. बहुतेक लोखंडी अँगल, मागच्या अंगाला थोडे सिमेंटचे पोल, आणि काटेरी तारेच्या सहा ओळी. तार गंजून ठिकठिकाणी तुटलीय, दोन आंब्यांच्या खोडात तर ती चक्क आत शिरलीय. तिथे आता चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कंपाउंड घालायचंय. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चुलतभावंडं ठाण्याहून येणार, भाड्याने ग्राइंडर घेणार आणि दोन दिवसांत सगळं कापून मोकळं होणार. गावातला एक भंगारवाला मात्र म्हणतोय, "माल मला द्या, कुंपण मी फुकट काढून नेतो." तर काय करावं?

मी रत्नागिरी-लांजा पट्ट्यात फॅब्रिकेशनची आणि कंपाउंडची कामं करतो. नवीन कुंपण घालायच्या आधी जुनं काढायचं काम बहुतेक ठिकाणी आमच्याच गळ्यात पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्राइंडर राहू द्या बाजूला. पहिलं काम कागदाचं आहे. ते कुंपण कितीही मोडकं असलं तरी तुमच्या जागेची हद्द जमिनीवर दाखवणारी सध्या तेवढी एकच वस्तू तिथे उभी आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं. हद्द नेमकी कुठून जाते हे सातबारा सांगत नाही. ज्यांनी ते कुंपण घातलं त्यांनी कधी हद्दीवरच घातलं असेल, कधी कातळ आडवा आला म्हणून हातभर आत घेतलं असेल, कधी शेजाऱ्याचा फणस वाचवायला वळसा घातला असेल. कुंपण उभं आहे तोवर तुम्हाला आणि शेजाऱ्याला एकच गोष्ट दिसते. ते काढलं की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला आपापल्या सोयीची रेघ आठवायला लागते. भाऊबंदकीतले कितीतरी दावे असेच उभे राहिलेत.

म्हणून भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करा. घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका काढून घ्या, बाहेर असेल तर गटाचा नकाशा. मोजणीला लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते आणि तेच महत्त्वाचं आहे, कारण खुणा त्यांच्यासमोर होतात. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्द दाखवणारा मोजणीचा नकाशा, हातात आल्याशिवाय चिऱ्याच्या पायाला हात लावू नका. दिवाळीपर्यंत मोजणी झाली नाही तर रान साफ करा, तुटकी लोंबती तार काढा, पण कोपऱ्यांचे खांब आणि दर तीन-चार खांबांमागे एक खांब जागेवर ठेवा.

मोजणी झाली असली तरी जुन्या कुंपणाची नोंद ठेवाच. रीत सोपी आहे. घराच्या जोत्याचे दोन पक्के कोपरे धरा, समजा पुढचा डावा आणि पुढचा उजवा. कुंपणाच्या प्रत्येक कोपऱ्याच्या आणि वळणाच्या खांबापर्यंत या दोन्ही कोपऱ्यांपासून टेपने अंतर घ्या. एका खांबाची दोन मापं झाली. उद्या तो खांब नसला तरी दोन टेपा ताणून जिथे मापं जुळतात तिथे तो बिंदू परत मिळतो. टेप आडवी आणि ताणलेली हवी. उतारावर जमिनीला घासत माप घेतलं तर फरक पडतो. कागदावर कच्चा आराखडा काढून मापं लिहा, फोटो काढा, आणि शेजाऱ्याला बोलावून त्याच्यासमोर हे करा. कागदावर त्याची सही मिळाली तर फारच चांगलं. एका सकाळचं काम आहे.

आणखी एक बघा. कोपऱ्याच्या खांबाला लागून गवतात एखादा गाडलेला दगड असेल तर तो साधा धोंडा समजून उपटू नका. तो मोजणीचा दगड असू शकतो. हद्दीच्या खुणा हलवणं किंवा मोडणं हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे दंडाला पात्र होणारा प्रकार आहे. कोपऱ्याचा खांब खणताना हा दगड हमखास हलतो, कारण दोघांचा खड्डा जवळजवळ एकच असतो. आधी त्याच्याभोवती चुन्याने गोल करा आणि खांब दुसऱ्या अंगाने खणा.

आता दिवाळीचं. मोसम तुम्ही चांगला निवडलाय. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला असतो, तांबडी माती अजून ओली असते आणि पहार तिच्यात उतरते. हेच काम एप्रिल-मेमध्ये काढलंत तर जमीन टणक होते, एकेका खड्ड्याला दुप्पट वेळ जातो. पण दिवाळीला रानही माजलेलं असतं. पहिला दिवस नुसतं रान काढण्यात जाणार हे धरूनच या. तारेच्या दोन्ही बाजूंना माणूस चालेल एवढी वाट कोयत्याने साफ करा. गवत कापायचं मशीन तारेपासून चार हात लांबच थांबवा. त्याचं पातं गवतात लपलेल्या तारेला लागलं की काट्याचा तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा सुटतो.

या रानात तीन गोष्टींना जपा. पहिली खाजकुयली. कुंपणाच्या तारेवर हिचा वेल चढलेला असतोच आणि दिवाळीनंतर शेंगा पिकायला लागतात. शेंगांवरची तपकिरी लव वाऱ्याने उडते, अंगाला लागली की माणूस काम करायच्या लायकीचा राहत नाही. सकाळी दव असताना वेल मुळाशी कापा आणि तसाच वाळू द्या, ओढू नका. लव लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उचला, मग पाण्याने धुवा. दुसरी गोष्ट शेर आणि निवडुंग. जुन्या वईत, म्हणजे झाडाझुडपांच्या कुंपणात, ही झाडं असतात, त्यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. गॉगल घाला, चीक गेलाच तर भरपूर पाण्याने बराच वेळ डोळा धुवा आणि डॉक्टरकडे जा.

तिसरं फुरसं, हा विषारी साप. जांभ्याच्या भागात हे सर्रास सापडतं. एक-दीड फुटाचं, मातीच्याच रंगाचं. दगडाखाली, खांबाच्या बुडाशी, निवडुंगाच्या जाळीत बसलेलं असतं. डिवचलं की वेटोळं घालून खवले एकमेकांवर घासतं, करवतीसारखा आवाज येतो. खांबाच्या पायथ्याचे दगड हाताने उचलू नका. पहारीने आपल्याकडे उलटवा, म्हणजे दगड तुमच्या आणि सापाच्या मधे येतो. गमबूट घालाच. चावलं तर आवळपट्टी बांधू नका, चावल्या जागी ब्लेडने कापू नका, पाय हलवू न देता १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्या. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, त्यामुळे सुरुवातीला बरं वाटलं तरी घरी थांबायचं नाही. कुठल्या दवाखान्यात लस आहे हे कामाला लागायच्या आधीच विचारून ठेवा.

धनुर्वाताचं इंजेक्शनही घेऊन या. गंजाने धनुर्वात होतो असा समज आहे. खरं तर त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, तार नुसती त्यांना आत पोचवते. मातीने माखलेल्या जखमेसाठी मागचा डोस ५ वर्षांच्या आतला हवा.

वायरिंगही बघून घ्या. जुन्या कुंपणावरून कुणीतरी कधीतरी गेटच्या दिव्यासाठी वायर नेलेली असते. खांबाला बांधलेली, वरचं रबर फाटलेलं. मेन स्विच बंद करून, टेस्टर लावून मगच हात लावा. पोलवरून घरात येणारी सर्व्हिस वायर कुंपणाच्या अँगलला टेकवलेली असेल तर ती महावितरणच्या माणसाकडूनच हलवून घ्या. माकडं-डुकरांसाठी झटका मशीन लावलेलं असेल तर त्याची बॅटरी काढून ठेवा.

आता तार. लोक खांबांना घाबरतात आणि तारेला कापत सुटतात, खरं उलटं हवं. खांब जड आहे पण जिथल्या तिथे असतो. तार ताणलेली असते, आणि वरून गंजकी दिसली तरी आतला ताण अजून शिल्लक असतो. मधेच कापलीत तर दोन्ही टोकं चाबकासारखी सुटतात, काट्यांसकट. चेहरा आणि हात, जखमा याच दोन ठिकाणी होतात.

आमची पद्धत अशी. आधी कैची, म्हणजे दोन खांबांमधल्या तिरप्या तारा काढायच्या. मग सर्वांत वरची ओळ, मग क्रमाने खाली, म्हणजे वरच्या तारेखाली वाकून काम करावं लागत नाही. एक ओळ घेतली की मधल्या सगळ्या अँगलवरची बाइंडिंग तार पकडीने सोडवत जायची. ओळ तेवढ्याने सैल पडते. मग शेवटच्या खांबाशी यायचं. खांबापासून वीतभर अंतरावर तारेला लॉकिंग पक्कड लावायची आणि पकडीच्या मुठीला दोरी बांधायची. दोरी दुसऱ्या माणसाने धरायची, तारेच्या रेषेत न येता, बाजूला उभं राहून. कापणाऱ्याने खांबाच्या पलीकडे उभं राहायचं आणि पक्कड व खांब यांच्या मधे बोल्ट कटरने कापायचं. मग दोरी हळूहळू सोडायची. तार मुकाट्याने खाली बसते.

वेल्डर वापरतात ते कोपरापर्यंतचे चामड्याचे हातमोजे घ्या. बागकामाच्या कापडी मोज्यांतून काटा आरपार जातो. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट हवा. खाली पडलेली तार ओढत न्यायची नाही, ती गवतात, चपलेत, दुसऱ्याच्या पायात अडकते. ३०-४० फुटांचे तुकडे करा आणि मोटारसायकलच्या जुन्या टायरवर गुंडाळत तारेच्या दिशेने तुम्हीच चालत जा. गुंडाळी झाली की तिच्याच टोकाने चार ठिकाणी बांधा.

एका बाजूच्या सगळ्या ओळी एकदम सोडल्या तर कोपऱ्याचा खांब उलट्या अंगाला झुकतो, कारण इतकी वर्षं तो दोन्हीकडच्या ताणावर आणि तिरक्या टेक्यांवर उभा आहे. बुडाशी गंजलेला असेल तर सरळ आडवा होतो. कोपऱ्यापाशी आधी दोरीने आधार द्या, मग तारेला हात घाला.

आंब्यांचं आता सांगतो. खोडात शिरलेली तार ओढून काढायचा प्रयत्न अजिबात करू नका. झाडाने तिच्यावरून साल चढवलीय, जखम भरून काढलीय. ओढलीत तर ती पुन्हा उघडी पडते आणि तिथून बुरशी नि कीड आत शिरते. खोडाच्या दोन्ही बाजूंना सालीलगत तार कापा आणि आतला तुकडा आतच राहू द्या. मात्र तार खोडाला पूर्ण वेढा घालून आवळली असेल आणि अजून वरच असेल, तर तिला तीन-चार ठिकाणी तोडा आणि जेवढी सहज सुटते तेवढी काढा. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जातं, वेढा सालीचा गळा आवळतो. आणि त्या खोडावर तारेच्या उंचीला ऑइलपेंटचा पट्टा मारून ठेवा. पंचवीस वर्षांनी कुणी ते झाड गिरणीत नेलं तर करवतीचं पातं तारेवर आपटू नये. मशीनची साखळी करवत चालवणाऱ्यासाठी तर हा जिवाचा प्रश्न आहे. कंपाउंडच्या आड येतं म्हणून झाडच तोडायचा विचार असेल तर थांबा. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, स्वतःच्या जागेतली असली तरी परवानगी लागते. माझं ऐकाल तर झाडापाशी पाया तेवढ्यापुरता घालूच नका, चिऱ्याच्या दोन खांबांमधे तेवढ्यापुरती जाळी लावा आणि मुळांना जागा द्या.

तार उतरली की खांब. इथे सगळेच एक चूक करतात: अँगल जमिनीलगत कापून टाकतात आणि मग खालचा काँक्रीटचा गट्टू काढायला बसतात. तेव्हा धरायला काहीच उरत नाही. वरचा सहा फुटांचा अँगल हीच तुमची तरफ आहे. तो शाबूत ठेवा. गट्टूच्या एकाच बाजूला, फावडं मावेल एवढ्या रुंदीचा चर त्याच्या तळापर्यंत खणा. मग दोघांनी अँगल वरून धरून चराच्या दिशेने ढकला, मागे ओढा, पुन्हा ढकला. मातीची पकड सुटली की गट्टू चरात कलतो. त्याच्याखाली पहार घाला, पहारीखाली दगड ठेवा, आणि फळीवरून लोळवत वर आणा. उचलायच्या भानगडीत पडू नका. १ फूट लांब-रुंद-खोल गट्टू ६५-७० किलोचा असतो, अँगलसकट ७५ च्या घरात जातो. दोरखंड बांधून गाडीने झटका मारायचा मोहही नको. गंजका अँगल मधेच तुटतो आणि दोरखंडासकट उडून येतो.

अँगल धरण्याआधी बूड तपासा. वरून तो चांगला ठणठणीत वाटतो. काँक्रीटच्या आतला भागही ठीक असतो, सिमेंटचा क्षार त्याला जपतो. सडतो तो नेमका गळ्यापाशी, जिथे काँक्रीट संपतं, पाणी साचतं आणि हवाही लागते. त्यात आपल्याकडची खारी हवा. तिथली माती बोटाने सारा, हातोडीने हलका ठोका द्या. चांगलं लोखंड खणखणतं. सडलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे सुटतात. असे अँगल तरफ म्हणून वापरू नका. तिथे गट्टूभोवती दोन बाजूंनी खणा आणि साखळी गुंडाळून चेन पुलीने उचला, नाहीतर घणाने फोडून तुकडे काढा.

कातळावर पकडलेले खांब वेगळे. तिथे दगडात भोक पाडून सिमेंटने अँगल बसवलेला असतो, तो निघत नाही आणि काढायची गरजही नसते. कातळाच्या सपाटीला कापा, टोक घणाने ठोकून बसवा.

सिमेंटचे पोल फोडू नका. ४ इंच चौरस, ७ फुटी पोल साधारण ५० किलोचा असतो. दोघांनी नीट उतरवला तर मांगराला म्हणजे बागेतल्या खोपीला, वेलाच्या मांडवाला कामी येतो. कडेने उभी चीर दिसली तर आतली सळी गंजून फुगलीय असं समजा, तो पोल बाद.

खड्डे तसेच नुसत्या मातीने भरू नका. चिऱ्याच्या भिंतीचा पाया जिथून जाणार तिथे फुटलेले गट्टू आणि खडी घालून, पाणी मारून, थराथराने ठोकून भरा. भुसभुशीत भरावावर भिंत आली की पहिल्याच पावसाळ्यात तिथे तडा जातो. आणि पाण्याच्या वाटा आत्ताच बघून ठेवा. तारेतून पाणी वाहून जात होतं, भिंत ते अडवणार. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वरच्या अंगाने येणाऱ्या पाण्याला भिंतीत भोकं ठेवली नाहीत तर भिंत आडवी होते.

ग्राइंडर आणला तर दिवाळीत, ओल असताना आणि शेजारी पाण्याची बादली, भिजलेलं पोतं ठेवून वापरा. संक्रांतीनंतर गवत वाळलं की तो बाहेर काढायचाच नाही. एक ठिणगी पंधरा फुटांवरच्या गवतात पडते आणि शेजाऱ्याची काजूची बाग जाते. तारेला तर तो लागतच नाही, बोल्ट कटर पुरे. हेलकावे खाणाऱ्या सैल तारेवर चकती अडकून फुटते.

एका दिवसात जेवढं कुंपण संध्याकाळपर्यंत परत बंद करता येईल तेवढंच उघडा. रात्री गुरं आणि डुकरं लगेच आत येतात. हिरव्या जाळीचा एक गुंडाळा आणि बांबू हाताशी ठेवा.

काम संपलं की जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काठीला बांधा आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना, गवत बाजूला सारत, जमिनीलगत फिरवा. काटे आणि बाइंडिंग तारेचे तुकडे मूठ-मूठ निघतात. गाय चरताना जे येईल ते गवतासकट गिळते. तार जठरात जाते, तिथून पडदा भेदून हृदयापर्यंत पोचते आणि गाय दगावते. गुरांच्या डॉक्टरांना विचारा, हे त्यांना नेहमीचं आहे. तुमच्या घरी गुरं नसली तरी शेजारची तिथेच चरणार.

राहिला भंगारवाला. हिशेब करून बघा. ३०० फुटांना ८ फुटांवर एक खांब धरला तर सुमारे ४० खांब होतात. सगळे ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचे ७ फुटी अँगल धरले तर एकेकाचं वजन सव्वासहा किलोच्या आसपास, म्हणजे एकूण २५० किलो. तार ६०-७० किलो. गंजाने कमी झालेलं सोडलं तरी ३०० किलोच्या जवळपास लोखंड तो नेणार. तो गॅसकटरने जमिनीलगत कापणार, आणि खाली ४० गट्टू, म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास काँक्रीट, वर टोचणारे खुंट काढून तुमच्यासाठी ठेवणार. तुमच्या पायाच्या रेघेत. ते काढायला लागणारी मजुरी तुम्ही आजच गावात विचारा आणि भंगाराच्या भावाशी लावून बघा. त्याला काम द्यायचंच असेल तर गट्टूसकट खांब काढायचे, खड्डे भरायचे, मोजणीच्या दगडाला आणि आंब्यांना हात लावायचा नाही, एवढं आधी बोलून घ्या. आणि तुम्ही स्वतः तिथे हजर असाल त्याच दिवशी त्याला बोलवा. याला तो तयार नसेल तर तार आणि अँगल स्वतः काढून ठेवा आणि वजनाने विका. अँगल वेगळे बांधा, तारेत मिसळलेत तर तो सगळ्याला तारेचाच भाव लावेल.